गुणायचं की भागायचं? पाचवी ते आठवीच्या मुलांच्या पालकांसाठी

पाढे तीसपर्यंत पाठ आहेत. आकडे मांडून दिले की गुणाकार चोख येतो. पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की प्रश्न ठरलेला : "आई, यात गुणायचं की भागायचं?" नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत पाचवी ते आठवीच्या मुलांच्या पालकांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. शाळा महापालिकेची असो, खासगी असो, राज्य मंडळाची असो की सीबीएसईची, त्याने फारसा फरक पडत नाही.

यावर बहुतेक घरांत दोनपैकी एक उपाय होतो. आणखी पाढे पाठ करून घेतले जातात, नाहीतर क्लास लावला जातो. पण मुलाचं नेमकं कुठे अडतंय हे आधी पाहायचं राहून जातं. गुणाकार करता येणं वेगळं आणि गुणाकार कुठे करायचा हे ओळखता येणं वेगळं. पहिलं सरावाने येतं. दुसरं समजून घ्यावं लागतं, आणि ते तुम्ही स्वतः, स्वयंपाकघरात किंवा बाजारात, शिकवू शकता. त्यासाठी तुम्हाला गणितात फार गती असण्याची गरज नाही.

आधी चार प्रश्न विचारा

सुट्टीच्या दिवशी मूल निवांत असताना, घड्याळ न लावता, हे चार प्रश्न द्या. चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. फक्त पाहा.

1. 7 × 8, 9 × 6, 12 × 7 किती? (पाढा पहिल्यापासून न म्हणता.)
2. 25 × 36 किती? कुठल्याही रीतीने काढ.
3. ज्याचं उत्तर 6 × 4 करून निघेल अशी एक गोष्ट तू रच.
4. कांदे 32 रुपये किलो आहेत. 0.75 किलो घ्यायचे आहेत. उत्तर काढू नकोस, फक्त कोणती क्रिया करशील ते सांग.

पहिल्यात अडलं, तर पाढ्यांवर काम हवं. त्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे. पहिलं आलं आणि दुसऱ्यात अडलं, तर स्थानिक किमतीचा गोंधळ आहे. तिसऱ्या प्रश्नाला "6 मुलं आणि 4 मुली, एकूण किती?" अशी गोष्ट मिळाली, तर आकडेमोड येत असूनही गुणाकाराचा अर्थ मनात बसलेला नाही. सहावी-सातवीतही अशी गोष्ट रचणारी मुलं भेटतात, तेव्हा घाबरू नका.

चौथ्या प्रश्नाला पुष्कळ मुलं "भागाकार" म्हणतात. कारण विचारा. "एक किलोपेक्षा कमी घ्यायचेत, म्हणजे उत्तर 32 पेक्षा लहान यायला हवं, आणि गुणलं की मोठं होतं." या विचारात अर्धी गोष्ट अगदी बरोबर आहे. उत्तर लहान येणार हे मुलाने ओळखलंय. चुकतोय तो 'गुणलं की वाढतंच' हा समज, जो चौथीपर्यंतच्या पूर्ण संख्यांनी त्याला दिला. पाचवी-सहावीत दशांश आणि अपूर्णांक आले की हा समज आडवा येतो, आणि कुणी तो काढून दिला नाही तर आठवीपर्यंत सोबत राहतो.

गुणाकार कोणकोणत्या रूपांत भेटतो

'गुणाकार म्हणजे तीच बेरीज पुन्हा पुन्हा' एवढंच ज्या मुलाला माहीत आहे, त्याला पुढची निम्मी उदाहरणं ओळखू येत नाहीत. मुलांना ही पाच रूपं दाखवा. नावं पाठ करून घेऊ नका. प्रत्येकाचं एकेक उदाहरण डोळ्यांसमोर आलं म्हणजे झालं.

- समान गट. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून हापूसच्या 8 पेट्या आणल्या, प्रत्येकीत 5 डझन. 40 डझन, म्हणजे 480 आंबे.
- दर. किलोला रुपये, तासाला किलोमीटर, मिनिटाला लिटर. इथे गट दिसत नाहीत, म्हणून मुलं बिचकतात. "एका किलोचे इतके, मग प्रत्येक किलो हा एक गट" एवढं सांगितलं की पुरतं.
- जोड्या. गाडीवर 3 प्रकारचे वडापाव आणि 2 प्रकारची पेयं असतील, तर एक वडापाव आणि एक पेय अशा 6 निवडी. मुलाला त्या लिहून काढू द्या.
- ओळी आणि रांगा. क्षेत्रफळ यातूनच येतं.
- पट. सर्वांत जास्त फसवणारं रूप.

शेवटच्या दोन रूपांवर जास्त वेळ द्या. क्षेत्रफळासाठी घरातली जमीन हाताशी आहेच. खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद आणि लादी 2 फूट × 2 फूट असेल तर किती लाद्या लागतील? बरीच मुलं 120 ला 2 ने भागून 60 सांगतात. वादात पडू नका, त्यांना लाद्या मोजायला सांगा. लांबीत 6 आणि रुंदीत 5, म्हणजे 30. एका लादीखाली 2 नव्हे, 4 चौरस फूट जागा जाते हे तिथेच कळतं. मग विचारा : लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट केली तर लाद्या किती पट? बहुतेक मुलं "दुप्पट" म्हणतील. चौकटीच्या वहीत काढल्यावर चौपट दिसेल. सातवी-आठवीत चौरस संख्या आणि घनफळ येतं तेव्हा हे पाहिलेलं उपयोगी पडतं.

'पट' मध्ये दोन फसगती आहेत. एक, "तिप्पट" आणि "3 ने जास्त" यांतला गोंधळ. दुसरी फसगत याहून मोठी आहे.

शब्द पाहून क्रिया ठरवायला शिकवू नका

'एकूण' दिसलं की बेरीज, 'शिल्लक' दिसलं की वजाबाकी, 'पट' दिसलं की गुणाकार, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. ही यादी अनेक वह्यांच्या पहिल्या पानावर असते, काही ठिकाणी ती पाठही करून घेतात. दुसरी-तिसरीत तिच्यावर गुण मिळतात. पाचवीपासून पुढे तिच्यामुळेच गुण जातात. खालची उदाहरणं पाहा.

- एका हारात 24 फुलं, 6 हारांत *एकूण* किती? (बेरजेची खूण, क्रिया गुणाकाराची.)
- 24 पेढे 6 जणांत सारखे वाटले, *प्रत्येकी* किती? आणि 6 जणांना *प्रत्येकी* 24 पेढे दिले, किती लागले? (शब्द एकच, क्रिया उलट.)
- आईचं वय मुलीच्या वयाच्या *चौपट* आहे. आई 36 वर्षांची, तर मुलगी किती वर्षांची?

या शेवटच्या उदाहरणात 'चौपट' पाहून 36 × 4 करणारं आणि 144 लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळणारं मूल आळशी किंवा ढ नसतं. त्याला शब्द पकडायला शिकवलंय, गोष्ट वाचायला नाही. एकशे चव्वेचाळीस वर्षांची मुलगी आणि छत्तीस वर्षांची आई त्याच्या डोळ्यांसमोर आलीच नाही.

मग शिकवायचं काय? तीन रिकाम्या चौकटी काढायला शिकवा :

गट किती × एका गटात किती = सगळे मिळून किती

उदाहरण वाचताना कोणता आकडा कोणत्या चौकटीत जातो ते मूल ठरवतं. शेवटची चौकट रिकामी राहिली तर गुणाकार. पहिल्या दोनपैकी एखादी रिकामी राहिली तर भागाकार. 'गुणायचं की भागायचं' याचं उत्तर यातून मुलाचं मुलालाच मिळतं. 'पट' च्या उदाहरणात चौकटींऐवजी पट्ट्या जास्त सोप्या जातात. मुलीच्या वयाची एक छोटी पट्टी, आईच्या वयाच्या तशाच चार. चार पट्ट्या मिळून 36, मग एक पट्टी 9. पट्टीपुढे वेगळं समजावण्याची गरज उरत नाही.

शाब्दिक उदाहरण सोडवताना

एक उदाहरण घेऊ. *सोसायटीत 2 विंग आहेत. प्रत्येक विंगला 7 मजले, प्रत्येक मजल्यावर 4 घरं. गणपतीची वर्गणी घरटी 350 रुपये ठरली. 6 घरांची वर्गणी अजून आलेली नाही. आतापर्यंत किती जमली?*

1. आकडे झाकून वाचायला सांगा. पेन्सिलीने आकड्यांवर टिंबं करा किंवा तुम्ही स्वतः आकडे गाळून वाचा. "काही विंग, काही मजले, काही घरं, काही जणांनी पैसे दिले नाहीत." आकडे दिसले की मुलाचा हात आधी चालतो, डोकं मागाहून.
2. गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. घरची भाषा चालेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही गोष्ट मराठीत सांगू द्या. ती मराठीत सांगता आली आणि इंग्रजीत वाचून कळली नाही, तर अडचण गणिताची नाही, भाषेची आहे, आणि तिचा उपाय वेगळा.
3. विचारलंय काय, ते एका वाक्यात. "जमलेले रुपये."
4. उलट्या दिशेने चला. रुपये कळायला पैसे दिलेली घरं हवीत. ती कळायला सगळी घरं हवीत. सगळी घरं 2 × 7 × 4 = 56. दिलेली 50. 50 × 350 = 17,500 रुपये.
5. उत्तर गोष्टीत परत ठेवून पाहा. 50 घरांनी 350 दिले. घरटी हजार दिले असते तर पन्नास हजार झाले असते, 17,500 त्याच्या एकतृतीयांशाच्या आसपास आहे. पटतं.

चौथ्या पायरीवर मूल अडलं तर "आता गुणाकार कर" हे वाक्य तोंडून येऊ देऊ नका. ते म्हटलं की उदाहरण तुम्ही सोडवलंत, मुलाने फक्त आकडेमोड केली. त्याऐवजी विचारा, "हे कळायला आधी काय कळायला हवं?" गप्प बसून वाट पाहा. ही शांतता पालकांना जड जाते, पण मुलाचा विचार नेमका तेव्हाच चालू असतो.

भागाकारात बाकी उरली की पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची ठरते. 193 मुलांची सहल नेरूळच्या वंडर्स पार्कला जाणार आहे, एका बसमध्ये 45 मुलं बसतात. 193 ÷ 45 केलं की 4 आणि बाकी 13. बस किती? 5, कारण 13 मुलांना शाळेत सोडून जाता येत नाही. तेच 193 फुलांचे 45 फुलांचा एक असे हार केले, तर पूर्ण हार 4 च. भागाकार तोच, उत्तर वेगळं. 'बाकी 13' लिहून थांबलेल्या मुलाला विचारा, "या तेरा जणांचं काय करायचं?"

अंदाज आधी, उभी मांडणी नंतर

34 × 26 मध्ये नेहमीची चूक दुसऱ्या ओळीत होते. 6 ने गुणून 204. मग 2 ने गुणून 68, आणि एक जागा न सोडता लिहिलं की बेरीज 272. "शून्य किंवा फुली द्यायला विसरलास" असं म्हणून ती चूक सुटत नाही, कारण फुली कशासाठी ते माहीतच नसतं. 26 मधला 2 हा वीस आहे. 34 × 20 = 680, त्यात 204 मिळवले की 884. चौकटीच्या वहीत 30 आणि 4 असे उभे, 20 आणि 6 असे आडवे भाग पाडून चार खोल्या काढा : 600, 80, 180, 24. आठवीत (x + 4)(x + 6) सारखे कंस सोडवताना याच चार खोल्या परत भेटतात.

पण सगळ्यात आधी अंदाज. 34 × 26 म्हणजे साधारण 30 × 30, नऊशेच्या आसपास. मग 272 आलं की मूल स्वतःच थबकतं. अंदाज वहीत उत्तराच्या आधी, समासात लिहायची सवय लावा. दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडणं यातूनच थांबतं.

तोंडी रीतीही दाखवा. 25 × 36 म्हणजे 25 × 4 × 9, म्हणजे 900. 48 × 15 म्हणजे 480 आणि त्याचे निम्मे 240, एकूण 720. शाळेत शिकवलेल्या रीतीने न करता मुलाने अशा वाटेने बरोबर उत्तर काढलं, तर त्याला "तू कसं केलंस?" असं विचारा आणि ऐका. बरोबर उत्तर वेगळ्या रीतीने काढलं म्हणून गुण कापले गेले, तर वही घेऊन शिक्षकांशी बोला.

पाढ्यांबद्दल थोडक्यात. 10 पर्यंतचे पाढे उलटसुलट, मधूनच विचारले तरी यायला हवेत. त्याला पर्याय नाही. 11 ते 20 चे पाढे येत असतील तर उत्तमच, नसतील तर 17 × 8 म्हणजे 80 आणि 56 अशी फोड पुरते. उलटेही विचारा : 56 कुठे कुठे येतो? भागाकार आणि अपूर्णांकाला त्याचा उपयोग जास्त. घरात पाढे मराठीत आणि शाळेत इंग्रजीत अशी ओढाताण असेल तर पाठांतराची भाषा एकच ठेवा. मराठी जोडसंख्यांत एकक आधी बोललं जातं, म्हणून 'त्रेसष्ट' म्हणून 36 लिहिणारी मुलं असतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस' सोबत 'वीस सात' असं वाचन दिलं गेलं आणि राज्यभर वाद झाला, तो मुळात या अडचणीवरच होता. तुमच्या मुलाची चूक लिहिण्याची आहे की गुणाकाराची, हे तोंडी विचारून आधी तपासा.

पाव, पाऊण, सव्वा

चौथ्या प्रश्नाकडे परत येऊ : 32 रुपये किलो, 0.75 किलो.

आजी-आजोबांची पिढी शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणायची. पावकी म्हणजे पावचा पाढा, औटकी साडेतीनचा. आज ते सगळं पाठ करून घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण अपूर्णांकाने गुणणं ही गोष्ट त्या पिढीला बाजारात जाण्याआधी माहीत होती, ती आपल्या मुलांना सहावी-सातवीच्या धड्यात पहिल्यांदा भेटते आणि अनोळखी वाटते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पाऊणकी म्हणायला सांगा, आणि मुलाला ती कॅल्क्युलेटरवर 0.75 ने गुणून ताडून पाहू द्या.

भाजी आणायला जाताना मुलाला सोबत न्या आणि क्रम असा ठेवा :

- 1 किलो 32 रुपये. 2 किलो? 64. काय केलंस? गुणलं.
- दीड किलो? 48. काय केलंस? दीडने गुणलं.
- 1 किलो? 32. एकने गुणलं, तेवढंच राहिलं.
- पाऊण किलो? 24. आता काय केलंस?

गोष्ट तीच आहे, फक्त किलो कमी होत गेले. मग पाऊणला येऊन क्रिया का बदलावी? इथे मूल स्वतःच म्हणतं की हाही गुणाकारच, आणि उत्तर लहान आलं कारण एकपेक्षा कमीने गुणलं. एकपेक्षा मोठ्याने गुणलं तर वाढतं, एकने गुणलं तर तेवढंच राहतं, एकपेक्षा लहानाने गुणलं तर घटतं. हे वाक्य तुम्ही आधी सांगू नका, मुलाकडून येऊ द्या.

भागाकाराचंही तसंच. 6 लिटर पाणी अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरलं तर किती बाटल्या? 12. म्हणजे 6 ÷ 0.5 = 12, भागूनही उत्तर मोठं आलं. बाटल्या ओट्यावर मांडून दाखवा.

इंग्रजी माध्यमातल्या अनेक मुलांना 'पाऊण' आणि 'अडीच' हे शब्द ओळखीचे नसतात. ते घरी वापरत राहा. 0.75, तीन चतुर्थांश, 75 टक्के आणि पाऊण ही एकच संख्या आहे हे ज्याला सहज कळतं, त्याला शेकडेवारीचा धडा जड जात नाही.

दुप्पट सगळीकडे चालत नाही

सहावीपासून प्रमाण आणि एकमान पद्धत येते. 6 वह्या 270 रुपयांना, तर 10 वह्या? एका वहीचे 45, दहांचे 450. भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या लीलावतीत हाच प्रकार त्रैराशिक म्हणून आहे. मुलांना दुसरी वाटही दाखवा. 4 किलोचे 180 तर 12 किलोचे? किलो तिप्पट, रुपये तिप्पट, 540. एका किलोचा भाव काढायची गरज नाही.

एकदा हे जमलं की मुलं सगळीकडेच प्रमाण लावतात. म्हणून यांसारखी उदाहरणं मुद्दाम मिसळा :

- दोरीवर 5 कपडे 3 तासांत वाळतात. 10 कपडे किती तासांत? 3 तासांतच.
- 4 माणसं एक भिंत 6 दिवसांत रंगवतात. 8 माणसं? माणसं वाढली की दिवस कमी, 3 दिवस.
- फेब्रुवारी 2025 पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. पाऊण किलोमीटर गेलं तर 13 रुपये का नाहीत?
- बेलापूर ते पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झाली. मार्ग सुमारे 11 किलोमीटर, स्थानकं 11. दोन स्थानकांमधलं सरासरी अंतर एक किलोमीटर का? स्थानकं 11 असली तरी त्यांच्यामधल्या जागा 10 च, म्हणून अंतर सुमारे 1.1 किलोमीटर.

प्रत्येक वेळी प्रश्न एकच : "हे दुप्पट केलं तर ते खरंच दुप्पट होतं का?"

क्लास, अबॅकस आणि शिष्यवृत्ती

अबॅकस किंवा झटपट गणिताच्या क्लासने आकडेमोडीचा वेग वाढू शकतो. पण तुमच्या मुलाचं तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात अडत असेल तर त्या क्लासने तिथला प्रश्न सुटणार नाही, आणि फी मोठी असते. कोणताही क्लास लावण्यापूर्वी विचारा : एका तासात किती उदाहरणं सोडवून घेता? उत्तर "पन्नास" आलं तर विचार करा. मुलाला स्वतःची रीत मांडायला देता का? चुकलेल्या उदाहरणावर काय करता? एक तास मागे बसून पाहू द्याल का?

पुस्तकांसाठी खर्च करायची घाई नको. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात, आणि पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपचे धडे उघडतात. सीबीएसईच्या मुलांनाही बालभारतीची शाब्दिक उदाहरणं सोडवायला द्या. मराठीत वाचनाची गोडी असेल तर मंगला नारळीकर यांचं 'गणितगप्पा' घरात असावं.

राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरला प्रथम भाषा आणि गणित मिळून 75 प्रश्न आणि दीड तास वेळ असतो, म्हणून वेग लागतो हे खरं. पण वेगाचा सराव शेवटच्या दोन-तीन महिन्यांत करा, त्याआधी नको. ही परीक्षा 2016-17 पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होऊ लागली आणि आता ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला आहे. तेव्हा यंदा तुमच्या मुलाच्या इयत्तेला परीक्षा आहे का, हे शाळेत विचारून घ्या.

शाळेकडे काय मागता येतं

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. त्यातली पुढची कलमं तुमच्या कामाची आहेत.

- कलम 24 : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेनुसार जादा शिकवणं आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन प्रगती सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्य आहे. जादा मदत मागताना संकोच करू नका.
- कलम 28 : शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. "माझ्याकडे क्लासला पाठवा" असं वर्गशिक्षक सुचवत असतील तर ते नियमाला धरून नाही.
- कलम 17 : मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पाढा आला नाही म्हणून वर्गासमोर अपमान करणं यात येतं.
- कलम 29 : मूल्यमापन समज आणि उपयोजन पाहणारं, आणि शिक्षण भीतीमुक्त असावं असं हे कलम सांगतं.
- कलम 16 (2019 ची दुरुस्ती) : पाचवी आणि आठवीत मूल अनुत्तीर्ण झालं तर त्याला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी मिळते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

शिक्षकांना भेटताना तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. "गणित कच्चं आहे" म्हणण्यापेक्षा "आकडेमोड येते, पण एकपेक्षा लहान संख्येने गुणायचं असेल तर भागतो" असं सांगा. पटावर चाळीस-पन्नास मुलं असलेल्या शिक्षकांना इतकी नेमकी माहिती मिळाली तर ते खरोखर मदत करतात. त्यानंतरही काही झालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांच्याकडे विषय मांडा. खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो.

काही मुलांना मनापासून मेहनत करूनही संख्यांचा लहान-मोठेपणा, घड्याळ, सुटे पैसे हे सगळंच सातत्याने जड जातं. असं वर्षानुवर्षं दिसत असेल तर रागावू नका, तपासणी करून घ्या. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्कॅल्क्युलियाचा समावेश आहे, आणि शासनमान्य प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलती मिळतात. दिव्यांग मुलांसाठी असलेल्या, वाशीतल्या महापालिकेच्या ईटीसी केंद्रात आधी चौकशी करता येईल.

रविवारसाठी पाच उदाहरणं

1. कापड 150 रुपये मीटर. 0.6 मीटरचे किती?
2. रोहनकडे 45 गोट्या आहेत. त्या मीनाकडच्या गोट्यांच्या तिप्पट आहेत. मीनाकडे किती?
3. 600 मीटर रस्त्यावर दर 30 मीटरला एक दिव्याचा खांब, दोन्ही टोकांनाही खांब. खांब किती?
4. 3 मीटर × 2 मीटर बागेला गवताचे 900 रुपये लागले. लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट असलेल्या बागेला किती लागतील?
5. 25 मुलांच्या वर्गातल्या 12 मुलींनी प्रत्येकी 3 रोपं लावली. रोपं किती?

उत्तरं : 90 रुपये, 15, 21, 3,600 रुपये, 36. पहिल्यात 250 आलं तर पाव-पाऊणच्या भागावर या. दुसऱ्यात 135 आलं तर पट्ट्या काढा. तिसऱ्यात 20 आलं तर मेट्रोची स्थानकं बोटांवर मोजा. चौथ्यात 1,800 आलं तर चौकटीची वही घ्या. पाचव्यात 25 हा आकडा कुठे वापरायचा म्हणून मूल अडून बसलं, तर त्याला सांगा की उदाहरणात दिलेला प्रत्येक आकडा वापरायलाच हवा असा नियम नाही, आणि पुढच्या आठवड्यात असे नको असलेले आकडे घातलेली दोन उदाहरणं त्यालाच तुमच्यासाठी तयार करू द्या.